बॅटनआधी पियानो

मा. संपादक,
स. न. वि. वि.

दहावी-बारावीच्या निकालानंतर वेगळ्या वाटेच्या करिअरमध्ये हल्ली ऑर्केस्ट्रा कंडक्टरचंही, म्हणजे पाश्चात्त्य वाद्यवृंद हाताच्या खुणांनी चालवणाऱ्याचंही, नाव येतं. सोबत बॅटन (कंडक्टरची छडी) उगारलेला फोटो आणि परदेशी विद्यापीठांची यादी. मधली सगळी वाट गाळलेली असते. ती सांगली-मिरजेच्या पालकांना कळावी म्हणून हे पत्र.

बॅटन सर्वांत शेवटी हाती येतं. आधी पियानो आणि जोडीला ऑर्केस्ट्रातलं एखादं वाद्य. मुंबईत जन्मलेले कंडक्टर झुबिन मेहता १९५४ मध्ये व्हिएन्नाला गेले, तिथे हान्स स्वारोव्स्कींकडे कंडक्टिंग शिकले. पण डबल बास हे मोठं तंतुवाद्यही वाजवत होते.

आपली मुलं बहुधा पेटीवरून येतात. कान तयार असतो, पण डावा हात भात्यावर राहिलेला असतो. पियानोवर त्याच हाताला खर्जाची स्वतंत्र ओळ वाजवायची असते, म्हणून सुरुवातीची मेहनत डाव्या हातावरच घ्यावी. ६१ पट्ट्यांचा कीबोर्ड पुरत नाही; ८८ वजनदार पट्ट्यांचा डिजिटल पियानो घ्यावा. स्टाफ नोटेशन, म्हणजे पाच रेघांवरची पाश्चात्त्य स्वरलिपी, टाळून चालत नाही. एबीआरएसएम या ब्रिटिश संगीत परीक्षा मंडळाच्या सहाव्या ग्रेडपासून प्रात्यक्षिकाला बसायचं, तर साधारणपणे आधी पाचव्या ग्रेडची थिअरी लागते.

मग स्कोअर, म्हणजे सगळ्या वाद्यांच्या ओळी एकाखाली एक लिहिलेली प्रत. एका पानावर वीसेक ओळी, आणि सगळ्या लिहिल्या तशा वाजत नाहीत. बी-फ्लॅट क्लॅरिनेटच्या कागदावरचा सी हा स्वर ऐकू येतो बी-फ्लॅट, एफ हॉर्नचा सी ऐकू येतो एफ. हे मनात क्षणात उलटवता आलं नाही, तर कंडक्टर बरोबर वाजवणाऱ्यालाच चूक दाखवतो आणि तिथेच वादकांचा विश्वास जातो.

हाताचं काम मात्रेच्या आधी सुरू होतं. लय, जोर, फुंकवाद्यांचा श्वास हे सारं आधीच्या उचलीत असतं. बेथोव्हनच्या पाचव्या सिंफनीत तर हात खाली येतो तेव्हा कुणीच वाजवत नाही. आधी छोटा विराम, मग तीन झटपट स्वर. उचल संथ आणि मात्रा जलद झाली, किंवा हात उगाच दोनदा हलला, की निम्मे वादक आधी सुटतात.

ऑपेराची वाट तालमीच्या खोलीतून जाते. तिथे रेपेटिटर आठवडेच्या आठवडे एकट्या पियानोवर अख्खा ऑर्केस्ट्रा वाजवून गायकांकडून भूमिका बसवून घेतो. विष्णुदास भाव्यांच्या सांगलीला हे परकं वाटू नये. संगीत नाटकाच्या तालमीत ऑर्गनवर बसणारा हेच करतो: गायक श्वास कुठे घेतो, कुठे रेंगाळतो, सगळं त्याला पाठ. जर्मनीत ऐंशीच्या घरात ऑपेरागृहं आहेत. तिथे रेपेटिटर, मग धाकटा कापेलमाइस्टर (ऑपेरागृहाचा कंडक्टर), पहिला कापेलमाइस्टर आणि शेवटी संगीतप्रमुख, अशी चढण आहे. विख्यात कंडक्टर हर्बर्ट फॉन कारायानही १९२९ मध्ये जर्मनीतल्या उल्मच्या छोट्या थिएटरातूनच सुरू झाले. त्यासाठी जर्मन आणि इटालियन हवी. शब्द कळल्याशिवाय गायकाला सांभाळता येत नाही. अकरावी-बारावीतच भाषा सुरू करावी, नंतर वेळ मिळत नाही.

आमची विनंती एवढीच, की करिअरच्या पानावर विद्यापीठांच्या यादीआधी हा क्रम छापावा. आणि इथल्या संगीत वर्गांनी आठवड्यातला एक तास स्टाफ नोटेशनला द्यावा. त्याला फळा पुरतो.

आपले,
सांगली-मिरजेतील काही संगीतशिक्षक