आई, माझी काळजी सोड, तू डेरवणच्या हॉस्पिटलात जा

ती. आई,
सा. न.

आम्ही दोघं मजेत आहोत. मेलबर्नला थंडी पडलीय पण घरात हीटर आहे, जेवण वेळेवर होतं, नोकरीचं तुला माहितीच आहे. फोनवर बाबा बाजूला असले की तू बरं बरं करून विषय बंद करतेस, म्हणून लिहितेय.

मी वयनीला तपासणीचं बोलले ते तुझ्या कानावर गेलं आणि तुला झोप लागली नाही म्हणे. मला काहीही झालेलं नाही गो आई. मूल होत नाही म्हणून गेले असंही नाही, ते आम्हीच थांबवलंय, मागेच सांगितलं होतं. इथे बाई 25 ची झाली की सरकारचं पत्रच येतं घरी, गर्भाशयाच्या तोंडाच्या कॅन्सरची तपासणी करून घ्या म्हणून, मग दर 5 वर्षांनी, 74 वयापर्यंत. चांगल्या धडधाकट बायकांना येतं. आणि मला नवल याचं वाटलं की डॉक्टर हातसुद्धा लावत नाही. नर्स एक लांब काडी देते, टोकाला मऊ, नळीत बंद केलेली, आपण पडद्यामागे जायचं, काडी थोडी आत घालून वीस-तीस सेकंद गोल फिरवायची, परत नळीत घालून झाकण लावायचं, संपलं. 2022 पासून कुठल्याही बाईला असं स्वतः करता येतं आणि डॉक्टरने घेतलेल्या नमुन्याइतकाच त्याचा भरवसा. ऑफिसात डबा खाताना पुरुष समोर असले तरी बायका एकमेकींना विचारतात तुझं पत्र आलं का, आपण यंदा मोहोर कसा आहे विचारतो तसं.

त्या काडीवर एचपीव्ही नावाचा विषाणू शोधतात, या कॅन्सरच्या मुळाशी जवळजवळ नेहमी तोच असतो. तो शरीरसंबंधातून येतो म्हणून आपल्याकडे कोणी बोलत नाही, पण बहुतेक सगळ्यांना तो कधी ना कधी होतो, जन्मभर एकच नवरा असलेल्या बाईलाही, आणि वर्ष-दोन वर्षांत बहुतेकींचा आपोआप जातो. ज्यांच्यात ठाण मांडून बसतो त्यांच्यात पंधरा-वीस वर्षांनी कॅन्सर होऊ शकतो. यात बाईच्या वागण्याला नावं ठेवण्यासारखं काय आहे?

आई, मला तुझी काळजी आहे. विडी-सिगरेट ओढणं, एचआयव्हीने अंगातली ताकद कमी होणं, वर्षानुवर्षं पाळणा लांबवायच्या गोळ्या, यांनी धोका वाढतो, ते तुला लागू नाही. पण कोवळ्या वयातलं पहिलं बाळंतपण आणि खूप बाळंतपणं यांनीही वाढतो. तुला 17 व्या वर्षी दादा झाला, मग आम्ही चौघं, आणि तपासणी आजवर एकदाही नाही. यात तुझी चूक काही नाही, तुला विचारलं कोणी होतं? मशेरी तोंडाच्या कॅन्सरसाठी वाईट, त्यावरून आल्यावर भांडेन.

वयनी म्हणाली पाळी जाऊन इतकी वर्षं झाल्यावर तुझ्या अंगावरून परत लाल गेलं. दर वेळी कॅन्सरच असतो असं नाही, पण पाळी गेल्यावर रक्त दिसलं तर अंगावर काढायचं नसतं, त्याला नुसती काडीची तपासणी पुरत नाही, बायकांच्या डॉक्टरने नीट तपासायला हवं. कॅन्सरच्या आधीचे बदल वेळेत सापडले तर बऱ्याचदा ॲडमिट न होताच उपचार होतात.

हे सगळं परदेशातलं, असं म्हणू नकोस. आपल्याच महाराष्ट्रात, उस्मानाबाद (आता धाराशिव) जिल्ह्यातल्या खेड्यांत 30 ते 59 वयाच्या लाखाहून जास्त बायकांचा अभ्यास झाला, 2009 ला निकाल छापला, एकदाच एचपीव्ही तपासणी मिळालेल्या गटात या कॅन्सरचे मृत्यू जवळपास निम्मे झाले.

चिऊ आता 11 ची, 9 ते 14 या वयात एचपीव्हीची लस दोन डोसांत होते, पुण्याच्या सिरमची पण आहे. वयनीला सांग, पैसे माझे.

पैसे पाठवलेत. संदीपच्या लग्नाच्या हॉलचे वेगळे, तुझ्या तपासणीचे वेगळे, ते मांडवाला लावू नकोस. लग्नाला मी येतेय, यांना सुट्टी नाही. देवकार्याला मात्र पोचत नाही, हळदीलाच येईन. मोठी बहीण असून पाहुण्यासारखी आली असं काकी बोलतील आणि ते तुला ऐकावं लागेल, याचं खूप वाईट वाटतं. साड्या मी आल्यावर चिपळूणला घेऊ. डेरवणला जायला मात्र लग्नाची वाट बघू नकोस, याच सोमवारी दादाला गाडी काढायला सांग, वयनीला बरोबर ने, आणि डॉक्टर काय म्हणाले ते तिच्या फोनवरून मला लगेच कळव, इथे कितीही रात्र झाली असली तरी.

बाबांना नमस्कार.

तुझी
सुमी