महागड्या दुधाचा हिशेब

एस्सेन, जर्मनी, रविवार दुपार

ती. आई-बाबा यांना सा. न.

बाबा, बुधवारचं आपलं भांडण अर्धवट राहिलं. ‘कोपऱ्यावरच्या टपरीतून दूध आणलं’ असं मी बोलून गेले आणि तुम्ही आधी भावच विचारलात. आल्डी या स्वस्त सुपरमार्केटात एका युरोच्या आसपास मिळणारं लिटरभर दूध मी दोन युरोला जरा कमी देऊन घेतलं म्हटल्यावर पलीकडून तुमचं ते ‘बरं’ आलं. त्या ‘बरं’ला मी लहानपणापासून ओळखते. तेवढ्यात ट्राम आली नि फोन ठेवावा लागला. आज मला सुट्टी आहे, बाहेर पाऊस आहे आणि गावातली झाडून सगळी मोठी दुकानं बंद आहेत, तेव्हा सविस्तर लिहिते. आई, तूच वाचून दाखव. चष्मा सापडत नाही म्हणून ते पत्र बाजूला ठेवतील.

बंद म्हणजे खरोखरच बंद. इथे रविवारची सुट्टी थेट राज्यघटनेत आहे. १९१९ च्या वायमार घटनेत रविवार हा कामातून विश्रांतीचा आणि मनाच्या उन्नतीचा दिवस म्हणून राखून ठेवला होता, आणि १९४९ ची घटना लिहिताना ते कलम तसंच उचलून घेतलं. आमच्या राज्यात बेकरी, फुलवाले, पेपरवाले यांना रविवारी पाच तासांची मुभा असते. बाकीच्या बहुतेकांनी गप्प घरी बसायचं. आल्या आल्या मला हे कुठे माहीत! वॉर्डातली शनिवारची नाईट करून रविवारी पिशव्या घेऊन निघाले आणि रिकाम्या पार्किंगमधून चालत जाऊन दार ढकलून बघत बसले. त्या दिवशी माझ्या मनाची काही उन्नती झाली नाही. सुका ब्रेड आणि तू दिलेलं लोणचं, एवढ्यावर सोमवार गाठला.

पहिलं वर्षभर मी आल्डी सोडून कुठे गेलेच नाही, आणि बाबा, तुम्ही इथे असतात तर तुम्हीही गेला नसतात. फळीवरच्या प्रत्येक चिठ्ठीवर वस्तूची किंमत ठळक आणि खाली बारीक अक्षरात किलोचा किंवा लिटरचा भाव. तसा लिहायचा इथे कायदाच आहे. त्यामुळे चारशे ग्रॅमचं पाकीट परवडतं की साडेसातशेचं, हे तोंडी गुणाकार न करता कळतं. तुम्ही अर्धा दिवस नुसत्या चिठ्ठ्या वाचत फिरला असतात. मालही निवडक. मोठ्या सुपरमार्केटात दहा-वीस हजार जिनसा असतात, इथे जेमतेम दोन हजार. खोक्याचं तोंड फाडून खोकंच फळीवर ठेवलेलं. मांडणीवर पैसे घालवत नाहीत, म्हणून स्वस्त.

पण पैसे भरायला गेलं की परीक्षा. बाई खुर्चीवर बसलेली असते आणि माल पट्ट्यावरून सरकत तिच्या हाताखाली आला की टी-टी-टी करत पलीकडे फेकते. पाकिटांवर बारकोड मोठाले आणि दोन-तीन बाजूंना छापलेले असतात, तिला पाकीट फिरवून बघायचीसुद्धा गरज पडत नाही. भरायला जागा म्हणून नाही. वस्तू हाताने ओढून ढकलगाडीत टाकायच्या आणि खिडकीपाशी जाऊन निवांत पिशवीत लावायच्या. मी पहिल्यांदा तिथेच पिशवी उघडून अंडी खाली, बटाटे वर, मग छे छे, बटाटे खाली असं करत बसले. मागच्या रांगेतल्या उसाशांना जर्मन यायची गरज नव्हती. दुसऱ्या एका दुकानात तर आपल्या आणि पुढच्याच्या सामानामध्ये ती तिकोनी पट्टी ठेवायची हेच मला माहीत नव्हतं. माझे टोमॅटो पुढच्या आजोबांच्या बिलात गेले. ते काही बोलले, मी काही बोलले, दोघांनाही काही कळलं नाही.

आणि बाबा, मुद्दा इथेच आहे. त्या वर्षात दुकानात मी तीनच शब्द वापरले. आत शिरल्यावर ‘हालो’, पैसे देताना ‘कार्टे’ म्हणजे कार्ड, निघताना ‘चूस’. बोलायची वेळच येत नाही. सगळं फळीवर, सगळं लिहिलेलं, आपण उचलायचं. जर्मन भाषेची बी-टू, म्हणजे मध्यमच्या वरच्या पातळीची, परीक्षा मी पास होऊन आले होते, पण वॉर्डात एखादी आजी उशी वर कर म्हणाली की पाणी आणून द्यायचे. वर्गात पास, वॉर्डात नापास.

मग ही टपरी. तिला इथे ‘बूडं’ म्हणतात. दादाला म्हणावं, हस पोटभर. शब्दाचा अर्थ खरोखर टपरी असाच आहे. दुसरं नाव ‘ट्रिंकहाले’, म्हणजे पाणी पिण्याची जागा. हा सगळा कोळशाच्या खाणींचा मुलूख. एकोणिसाव्या शतकात नळाचं पाणी न उकळता पिण्याजोगं नसायचं, म्हणून कामगारांसाठी खाणीच्या, कारखान्याच्या दाराशी सोड्याच्या पाण्याच्या टपऱ्या निघाल्या. मग त्यात बिअर आली, सिगारेट आली, पेपर आला. माझ्या घराजवळची त्सोल्फेराइन खाण १९८६ मध्ये बंद झाली, शेजारच्या बोट्रोपमधली देशातली शेवटची दगडी कोळशाची खाण २०१८ च्या डिसेंबरात. टपऱ्या मात्र अजून आहेत. २०२० मध्ये राज्याने या टपरी-संस्कृतीची वारसा म्हणून नोंदसुद्धा केली. असा शिक्का बसला की मला धास्तीच वाटते. चालत्या गोष्टीला कोण वारसा म्हणतं?

आमच्या टपरीला आत जायला दारच नाही, नुसती खिडकी. खिडकीत एक बाई, पासष्टीच्या. नवरा खाणीत होता. त्या अजून ‘ग्लूक आउफ’ म्हणतात, खाणीत उतरताना कामगार एकमेकांना म्हणायचे ते. माल त्यांच्या पाठीमागे, म्हणजे मागितल्याशिवाय काही मिळत नाही. पहिल्या दिवशी ‘वास डार्फ्स झाइन?’ असं आलं, म्हणजे काय देऊ, आणि मी बोट दाखवलं. त्यांनी बोटाच्या दिशेची चुकीची वस्तू काढली. पुन्हा बोट, पुन्हा चुकीची. तिसऱ्यांदा माझ्या लक्षात आलं की बाई मुद्दाम करताहेत. मग तोंड उघडलं. ‘दूध’ला कोणतं लिंग लावायचं हेही त्यांनी खिडकीतून वाकून सांगितलं. स्त्रीलिंगी आहे, आई, इथे दूध ती!

तिथली सगळ्यात छान गोष्ट म्हणजे ‘गेमिश्टे ट्यूटे’, गोळ्यांची मिसळ पिशवी. प्लास्टिकच्या डब्यांमध्ये रबरासारख्या गोळ्या, आंबट पट्ट्या, काळ्या ज्येष्ठमधाच्या गुंडाळ्या. शाळा सुटली की एखादं पोर मूठ उघडून नाणी खिडकीच्या कठड्यावर ठेवतं आणि सांगायला लागतं. दोन हिरवे बेडूक. नाही, तीन. एक ती लांब. ते नको, ते परत ठेवा. मग माझ्याकडे किती उरले? बाई चिमट्याने एकेक उचलून कागदी पिशवीत टाकतात आणि दर वेळी उरलेला आकडा मोठ्याने सांगतात. मागे चार माणसं थांबलेली असतात. आल्डीच्या पट्ट्यासमोर उसासे टाकणारी हीच माणसं इथे बेडूक मोजायला मदत करतात! माझे आकडे तिथेच पक्के झाले. जर्मन भाषेत बत्तीसला ‘दोन आणि तीस’ म्हणतात, आपल्यासारखंच, म्हणून मला ते सोपं गेलं.

आता तुम्ही म्हणाल, म्हणजे मोठी दुकानं वाईट. तसं नाही हो. तुम्हाला एक गंमत सांगते. ज्या आल्डीबद्दल एवढं लिहिलं, तिचा जन्म आमच्याच भागातला, शोनेबेकमधला. आल्ब्रेख्ट नावाच्या बाईंनी १९१३ मध्ये तिथे एक लहानसं किराणा दुकान टाकलं. नवरा आधी खाणीत, मग बेकरीत. युद्ध संपल्यावर १९४६ मध्ये कार्ल आणि थेओ या मुलांनी आईचं दुकान हातात घेतलं. तेव्हा इथे गिऱ्हाइकाला तीन टक्क्यांच्या वर सूट देणं कायद्याने बंद होतं. १९३३ चा कायदा, तो २००१ पर्यंत टिकला. आई, म्हणजे घासाघीसच बेकायदा! तुला दुकानातून बाहेर काढलं असतं. बाकीचे दुकानदार तीन टक्क्यांचे कुपन द्यायचे, ते वहीत चिकटवून साठवायचं आणि मग पैसे परत मागायचे. या भावांनी ते तीन टक्के आधीच किमतीतून उडवले. गर्दी लोटली. १९६० पर्यंत तीनशेच्या घरात दुकानं झाली आणि मग भावांची वाटणी, म्हणे सिगारेट ठेवायची की नाही यावरून. म्हणून आज उत्तरेची आल्डी वेगळी, दक्षिणेची वेगळी. बाबा, थेओ तर तुमच्यापेक्षा हिशेबी. १९७१ मध्ये त्याला पळवून नेलं होतं, सत्तर लाख मार्क खंडणी देऊन सुटला, आणि नंतर ती खंडणी धंद्याचा खर्च म्हणून करातून वजा मिळावी म्हणून कोर्टात गेला.

एडेका या दुसऱ्या मोठ्या दुकान-साखळीचं तसंच. ‘ई डी के’, म्हणजे किराणा दुकानदारांचा खरेदी संघ. १८९८ मध्ये बर्लिनच्या छोट्या दुकानदारांनी एकत्र येऊन घाऊक माल घ्यायला सुरुवात केली. आजही त्यांच्या बऱ्याच दुकानांच्या पाटीवर मालकाचं स्वतःचं नाव असतं. आणि आज काय आहे? इथल्या स्पर्धा-नियामक कार्यालयाने २०१४ मध्ये तपासलं तेव्हा किराण्याचा सुमारे पंच्याऐंशी टक्के बाजार चार समूहांच्या हातात होता, त्यात ही दोघं आलीच. तेव्हा लहान दुकानदार बिचारा आणि मोठा राक्षस, असं मला काही म्हणता येत नाही. राक्षसही कोणाच्या तरी आईच्या दुकानात वाढलेला.

टपरीचे तोटेही लिहिते, नाहीतर तुम्हाला वाटेल माझ्यावर कोणी जादू केली. कार्ड चालत नाही, रोख लागते. मोड नसली की बाईंचं तोंड बघावं. बाटल्यांचा प्रश्न वेगळाच. इथे एकदाच वापरायच्या प्लास्टिकच्या बाटलीवर पंचवीस सेंट अनामत असते. मोठ्या दुकानात मशीनच्या भोकात कुठलीही बाटली टाका, पावती मिळते. लहान दुकानांना मात्र ते स्वतः विकतात तेवढ्याच छापाच्या घ्यायची सवलत आहे. त्यामुळे माझी गोणी आल्डीतच जाते. आणि सगळ्यात वाईट म्हणजे चौकशा. मागच्या थंडीत मी दोन दिवस तापाने पडले होते. तिसऱ्या दिवशी जिन्यात भेटलेल्या, मी कधी न पाहिलेल्या बाईने विचारलं, खोकला कसा आहे? खिडकीतून बातमी गेली होती. आपल्या खोकल्याची एवढी चर्चा होण्यापेक्षा तो मशीनचा निर्विकार आवाज बरा, असं मला त्या दिवशी वाटलं होतं.

म्हणून महिन्याचा बाजार मी आल्डीतच करते, ती सवय मोडलेली नाही. पीठ, तेल, डाळी, साबण, सगळं तिथलं. टपरीत महिन्याला पंधरा-वीस युरो जात असतील, त्यात तुमच्या त्या दुधाचे जास्तीचे आले. ते वहीत ‘इतर’मध्ये लिहा.

आणि बुधवारचं खरं सांगू का? घरात दूध होतं. आदल्या रात्री लेट ड्युटी संपवून उतरले. त्या दिवशी वॉर्डात सहा नंबरच्या आजी गेल्या होत्या, उशीवाल्या. घरी जाऊन लगेच दार लावून घ्यावंसं वाटेना. खिडकीत दिवा होता, आणि खिडकीपाशी गेल्यावर काहीतरी मागावं तर लागतंच. म्हणून दूध मागितलं. बाईंनी ते दिलं, माझ्याकडे बघितलं आणि बिअरचं एक रिकामं खोकं उलटं करून खिडकीबाहेर सरकवलं. मी दहा मिनिटं बसले. काय बोललो ते आता आठवत नाही. थोडं हवेबद्दल, थोडं त्यांच्या गुडघ्याबद्दल.

त्यांच्या खिडकीत गेल्या महिन्यापासून एक हाताने लिहिलेला कागद चिकटवलाय, टपरी चालवायला कोणीतरी हवं आहे म्हणून. अजून कोणी आलेलं दिसत नाही. कागदाचे कोपरे ओले होऊन गुंडाळायला लागलेत. मी नवी चिकटपट्टी नेऊन देणार होते, पण ती आल्डीतून आणलेली, म्हणून संकोच वाटतोय.

आई, पार्सल पाठवशील तेव्हा माझं नाव रोमन अक्षरात मोठं लिही. मी ड्युटीवर असले तर कुरियरवाला ते टपरीवर ठेवतो, आणि बाईंना चष्मा असूनही बारीक दिसत नाही. मागच्या वेळी माझी मेतकुटाची पिशवी तीन दिवस तिसऱ्या मजल्यावरच्या आजोबांच्या नावाने पडून होती.

बाबांना नमस्कार, दादाला आशीर्वाद नाही, तो मोठा आहे, पण सांग.

तुमची
मनू

ता. क. : बाबा, आल्डीतल्या मुगाच्या डाळीचा किलोचा भाव पुढच्या वेळी लिहून पाठवते. विसरले नाही.