कार्बोरेटर खोलायच्या आधी प्लग बघा

संपादक महोदय,

पुरवणीतला जुन्या मोटारसायकलींवरचा लेख वाचला, फोटो तर झकासच आहेत. पण सगळा भर क्रोम आणि पेंटवर, गाडी चालू कशी ठेवायची यावर एक ओळ नाही, म्हणून हे लिहितोय. घरी जुनी गाडी सांभाळणारे बहुतेक जण गाडी रुसली की आधी कार्बोरेटर उतरवतात, आणि खरा दोष पुष्कळदा इग्निशनमधे, म्हणजे ठिणगी पाडणाऱ्या यंत्रणेत असतो. मग जेट (पेट्रोल जायचं बारीक भोक असलेला तुकडा) बदल, स्क्रू फिरव, सुई खालीवर कर असं सगळं एकदम केलं जातं आणि मूळ बिघाड कुठला, नवीन कुठला हेच कळेनासं होतं. एका वेळी एकच गोष्ट बदला आणि किक मारून बघा, एवढं पाळलं तरी खूप झालं.

प्लग काढा, कॅपमधे बसवा, प्लगच्या भोकापासून लांब इंजिनच्या धातूला टेकवा आणि किक मारा. ठिणगी निळसर, जोरकस हवी. पिवळी, मरतुकडी असेल तर कार्बोरेटर तसाच ठेवा आणि पॉइंटकडे, म्हणजे ठिणगीसाठी करंट जोडणाऱ्या-तोडणाऱ्या संपर्कांकडे जा. पॉइंट पूर्ण उघडलेले असताना गॅप मोजायची, बऱ्याच जुन्या गाड्यांना ती ०.३५ ते ०.४० मिमी लागते, आपल्या गाडीचं मॅन्युअल सांगेल तो आकडा शेवटचा. गॅप बदलली की टायमिंग, म्हणजे ठिणगी पडायची वेळ पण सरकते, ते परत तपासायचं राहूनच जातं.

सगळ्यात जास्त छळतो तो कंडेन्सर, पॉइंटवर ठिणग्या उडू न देणारा छोटा भाग. थंड गाडी लगेच सुरू होते, चांगली पळते, गरम झाली की फटफट करत बंद, थोडा वेळ थांबलं की परत चालू. अंधारात इंजिन चालू ठेवून पॉइंटकडे बघा, तिथे मोठ्या ठिणग्या उडत असतील तर कंडेन्सर गेला समजा. तिथे काही नसेल तर गरम झाल्यावर कॉइल (प्लगसाठी व्होल्टेज वाढवणारा भाग) दगा देतेय का ते बघा. पण हेच लक्षण टाकीच्या झाकणातलं हवेचं भोक बुजलं तरी दिसतं! म्हणून गाडी बंद पडल्या पडल्या झाकण उघडा, हुस्स आवाज येऊन गाडी सुरू झाली तर भोक साफ करा आणि काम संपलं, फुकटात.

प्लगचा रंग पण वाचायला शिका. फिकट तपकिरी म्हणजे ठीक, काळी कोरडी काजळी म्हणजे पेट्रोल जास्त जातंय, ओला तेलकट असेल तर फोर-स्ट्रोकमधे रिंग किंवा व्हॉल्व्ह गाइड बघा. पांढरा पडलेला प्लग मात्र टू-स्ट्रोकवाल्यांनी अजिबात हलक्यात घेऊ नये, क्रँकचं ऑइल सील गेलं की तिथून हवा आत येते, मिश्रण पातळ होतं, म्हणजे हवेच्या मानाने पेट्रोल कमी पडतं, आणि शेवटी पिस्टन जाम होतो. अशा वेळी मोठा जेट टाकून वेळ मारून नेणं मला पटत नाही, सील बदला.

गाडी महिनोन्महिने उभी राहणार असेल तर कार्बोरेटरच्या खालच्या फ्लोटच्या वाटीतलं पेट्रोल काढून टाका, इथेनॉल हवेतलं पाणी ओढतं आणि आतला धातू गंजतो, पायलट जेट, म्हणजे गाडी मंद चालताना पेट्रोल देणारा बारीक जेट बुजतो. तो जेट लोखंडी तारेने कोरू नका, भोक मोठं होतं. ड्राय संप असलेल्या, म्हणजे ऑइल इंजिनबाहेरच्या वेगळ्या टाकीत ठेवणाऱ्या जुन्या ब्रिटिश गाड्यांमधे उभ्या उभ्या ऑइल टाकीतून खाली क्रँककेसमधे उतरतं, टाकी रिकामी दिसली म्हणून वरून ओतत बसू नका, आधी खालचा प्लग काढून ते ऑइल काढून घ्या. आणि यातल्या बऱ्याच गाड्यांच्या नटांना विटवर्थचे, म्हणजे जुन्या ब्रिटिश मापाचे पाने लागतात, मेट्रिक पाना बसल्यासारखा वाटतो आणि नटाचे कोपरे खातो.

एक गोष्ट पुढच्या अंकात मोठ्या अक्षरात छापाच. जुन्या ब्रेक शूमधे अ‍ॅस्बेस्टॉस असू शकतं, ड्रम उघडल्यावर ती धूळ तोंडाने किंवा एअर मारून उडवू नका. मास्क लावा, ओल्या फडक्याने पुसा आणि फडकं पिशवीत बांधून टाका.

आपला,
एक वाचक