जिममध्ये नव्या माणसाला पहिले आठ दिवस नीट शिकवा

मा. संपादक,
स.न.वि.वि.

आपल्या पेपरात काय खावं, किती चालावं यावर बरंच छापून येतं, पण जिममध्ये पहिल्यांदा पाय टाकताना माणसाच्या पोटात जो गोळा येतो त्याबद्दल कधी वाचलं नाही, म्हणून हे पत्र.

मी ४८ वर्षांची, कोल्हापुरात राहते. पाळी गेल्यावर गुडघे आणि कंबर धरायला लागली, डॉक्टर म्हणाल्या नुसत्या रंकाळ्याच्या फेऱ्यांनी भागणार नाही, हाडं ठिसूळ होऊ द्यायची नसतील तर थोडं वजन उचलायला लागा. जागतिक आरोग्य संघटनेनंही २०२० साली हेच सांगितलंय, आठवड्याला किमान १५० मिनिटं भरभर चालण्यासारखा व्यायाम आणि वर निदान २ दिवस स्नायूंची ताकद वाढवणारा. म्हणून तीन महिन्यांची फी भरली.

फी भरेपर्यंत सगळे ताई ताई करत होते, पावती फाडल्यावर एकानं लांबूनच ट्रेडमिल दाखवली, "दहा मिनिटं चाला मॅडम, मग मशीन करा." कुठली मशीन, किती वजन, सीट पुढेमागे कशी करतात, काही नाही. मी लेग एक्स्टेन्शनवर, म्हणजे बसून पाय समोर सरळ करत वजन उचलायच्या मशीनवर, बसले तर आधीच्या मुलानं वजन ठरवणारी पिन ५० किलोवर तशीच ठेवलेली, पाय तसूभर हलेनात, समोर भिंतभर आरसा आणि मागे चार पोरं आपला नंबर कधी येतोय बघत उभी. ट्रेनरला विचारलं तर पर्सनल ट्रेनिंग घ्या म्हणाला, त्याचे पैसे वेगळे. चौथ्या दिवसानंतर मी गेलेच नाही. घरचे म्हणायचे लाजू नकोस, बिनधास्त जा, पण पिन कशी काढायची हेच माहीत नसेल तर बिनधास्त कसं जायचं?

परत गेले ती आमच्या बिल्डिंगमधल्या कॉलेजच्या मुलीमुळे. "काकू, साडेअकराला चला, तेव्हा गर्दी नसते" म्हणाली. तिनं आधी पिन काढून दाखवली, मग सीट अशी लावून दिली की माझा गुडघा मशीनच्या बिजागरीच्या बरोबर समोर आला, वजन अगदी पहिल्या प्लेटचं. दहा वेळा, सावकाश, उचलताना श्वास सोडायचा, खाली आणताना घ्यायचा, दम कोंडून धरायचा नाही. पाचच व्यायाम वहीत लिहून दिले. जिममधला मोठा सरळ बार नुसताच २० किलोचा असतो हे मला तिच्याकडून कळलं, त्याला इतक्यात हात लावू नका म्हणाली. आणि हे आधीच सांगून ठेवलं की उद्या-परवा मांड्या भरून येतील, जिना उतरताना जाणवेल, ते चालतंय, पण सांध्यात टोचलं तर लगेच थांबायचं. हे एक वाक्य तिनं सांगितलं नसतं तर दुसऱ्याच दिवशी मला काहीतरी इजा झाली असं वाटून मी परत घरी बसले असते.

सहा आठवड्यांत माझी पिन चौथ्या प्लेटवर आली. डॉक्टर म्हणाल्या सुरुवातीला स्नायू फारसे वाढलेले नसतात, मेंदूला आणि नसांना ती हालचाल जमायला लागते म्हणून नवीन माणसाला फरक लवकर दिसतो. मला वाटतं भीडही तिथंच चेपते, वहीतला आकडा वाढलेला दिसला की आरशाकडे लक्षच जात नाही.

आपलं तर तालमींचं गाव. माझे मामा तालमीत जायचे, ते सांगायचे की नवीन पोराला वस्ताद लगेच कुस्तीला सोडत नसत, आधी खोऱ्यानं हौद्यातली माती उकरायची, मग मोजून जोर आणि बैठका, आणि एखादा जुना पैलवान शेजारी उभा राहून चूक सांगणार. फक्त माझ्या वयाच्या बायकांसाठी त्या तालमीचं दार उघडं नव्हतं, शाळेतला खो-खो सुटला तो सुटला, नंतर शरीराला काही शिकवणारं कुणी भेटलंच नाही, त्यामुळे जिममध्ये आम्ही अगदी कोऱ्या पाटीच्या असतो.

जिमवाल्यांना विनंती आहे, पहिले आठ दिवस प्रत्येक नव्या माणसाला पाच मशीन नीट दाखवणं हे साध्या फीमध्येच धरा, ते पर्सनल ट्रेनिंग म्हणून विकू नका. रोज येणाऱ्या पोरांनी आपला सेट झाला की पिन वर आणि प्लेट्स जागेवर ठेवाव्यात, दुसऱ्याच्या २० किलोच्या प्लेट्स उतरवायच्या म्हणूनच कितीजणी त्या बाजूला फिरकत नाहीत. मशीनवरच्या सूचना सगळ्या इंग्रजीत असतात, शेजारी मराठीत चार ओळी चिकटवायला खर्च तो किती येणार?

आणि संपादकसाहेब, तुमच्या पुरवणीत आठवड्याला एक मशीन फोटोसकट मराठीत समजावून छापता आलं तर बघा. पहिल्यांदा लेग प्रेसचं, म्हणजे पायांनी वजन ढकलायच्या मशीनचं, छापा, त्याच्याजवळ जायला आमच्यातल्या बऱ्याचजणी घाबरतात.

आपली,
एक वाचक, कोल्हापूर