पाहुण्यांनो, अवश्य या. पण आधी घरचे वेळापत्रक विचारा

मा. संपादक,

सप्रेम नमस्कार.

उन्हाळी सुट्ट्या जवळ आल्या की युरोपची सहल कमी खर्चात कशी करावी याविषयीचे लेख वृत्तपत्रांच्या पर्यटन पुरवण्यांतून येऊ लागतात, आणि त्यांत एक सल्ला हमखास असतो : तिकडे कोणी ओळखीचे असेल तर त्यांच्याकडे उतरा, हॉटेलचे पैसे वाचतील. सल्ला चुकीचा नाही. आम्ही जर्मनीत म्युनिकला राहतो, आमची मुलगी दोन वर्षांची आहे, आम्ही दोघेही नोकरी करतो आणि मित्रमंडळी आमच्याकडे येऊन राहतात याचा आम्हाला मनापासून आनंद होतो. परंतु ज्या घरात एवढे लहान मूल आहे आणि मदतीला ना आजी ना कामवाल्या मावशी, त्या घरी मुक्कामाला जाताना काय ध्यानात घ्यावे, हे त्या लेखांत मला तरी कधी आढळलेले नाही. ती बाजूही वाचकांपुढे यावी म्हणून हा पत्रप्रपंच.

पहिली गोष्ट म्हणजे तारखा. जर्मनीत १ ऑगस्ट २०१३ पासून वर्ष पूर्ण झालेल्या प्रत्येक मुलाला पाळणाघरात जागा मिळण्याचा कायदेशीर हक्क आहे. या पाळणाघरांना येथे 'किटा' म्हणतात. मोठ्या शहरांत प्रत्यक्षात जागा मिळवताना पालकांच्या नाकी नऊ येतात, हे वेगळे. जागा मिळाली तरी मूल दारात सोडून कामावर जाता येत नाही. पुष्कळ किटांमध्ये बर्लिन पद्धत पाळली जाते. तिच्यानुसार पहिले तीन दिवस आईने किंवा बाबाने मुलासोबत तेथेच बसायचे, चौथ्या दिवशी काही मिनिटांसाठी बाहेर जाऊन पाहायचे, आणि मूल किती रुळते त्या अंदाजाने हा वेळ हळूहळू वाढवायचा. यात आठवडे जातात. या काळात मुलाचे झोपणे, खाणे, रडणे सगळेच बदललेले असते आणि घरी नवे चेहरे, नवे आवाज असले की ते आणखी बिथरते. म्हणून विमानाचे तिकीट काढण्यापूर्वी, "किटाचे काय चालले आहे?" एवढा एक प्रश्न यजमानांना विचारावा. तिकीट काढून झाल्यावर विचारलेल्या प्रश्नाला 'नको' म्हणणे कोणत्याही मराठी घराला जमत नाही.

दुसरे, रजा. पाच दिवसांचा आठवडा असणाऱ्या नोकरदाराला येथे कायद्याने वर्षाला किमान २० दिवसांची रजा मिळते. बऱ्याच ठिकाणी ती तीसच्या आसपास असते. भारतातून हा आकडा मोठा दिसतो. परंतु किटा उन्हाळ्यात आणि नाताळात बंद राहते तेव्हा ही रजा त्यातच जाते आणि उरलेल्या दिवसांत आम्हालाही पुण्याला जाऊन यायचे असते. मूल आजारी पडल्यास सार्वजनिक आरोग्यविमा असलेल्या प्रत्येक पालकाला वेगळे दिवस मिळतात, २०२४ आणि २०२५ साठी ते प्रत्येक मुलामागे १५ होते. पण किटात जाणारे मूल पहिल्या हिवाळ्यात किती वेळा तापते हे ज्यांनी पाहिले आहे त्यांना ही संख्या मोठी वाटणार नाही. तेव्हा यजमानांनी रोज सोबत हिंडावे ही अपेक्षा ठेवू नये. त्याची गरजही नसते. बायर्न तिकीट, म्हणजे आमच्या बव्हेरिया राज्यातले दिवसभराचे रेल्वे तिकीट, काढले की कामाच्या दिवशी सकाळी नऊनंतर प्रादेशिक गाड्यांनी पाच जणांपर्यंत एकत्र फिरता येते, अगदी ऑस्ट्रियातल्या साल्झबुर्गपर्यंत. बव्हेरियाचा राजा लुडविग दुसरा याचा नोयश्वानस्टाइन राजवाडा तर पाहुण्यांनी आपापलाच पाहावा हे उत्तम; तेथे ठरलेल्या वेळेचे तिकीट असते, चढण असते, बाबागाडी आत नेता येत नाही, आणि दोन वर्षांच्या मुलाला यांपैकी कशाचेच सोयरसुतक नसते.

संध्याकाळचे मात्र थोडे विस्ताराने सांगायला हवे, कारण खरी ओढाताण तेथे होते. जून महिन्यात म्युनिकला रात्री नऊ वाजून गेल्यावरही उजेड असतो आणि मूल तर साडेसातला झोपवायचे असते. त्यासाठी खिडक्यांची बाहेरची झडप खाली ओढून घरात कृत्रिम रात्र करावी लागते. दिवसभर भटकून आलेल्या पाहुण्यांना त्याच वेळी गप्पांचा हुरूप आलेला असतो, दाराची घंटा वाजते, आणि नुकती डुलकी लागलेली मुलगी टक्क जागी होते. आम्ही आता पाहुणे आले की पहिल्याच दिवशी त्यांच्या हाती घराची किल्ली देतो. जेवणाचेही तसेच. किटात मुले बुटक्या टेबलाशी बसून स्वतःच्या हाताने खातात, सांडतात, पुसतात. आपल्याकडच्या मावशी-काकांना ते पाहवत नाही; ते प्रेमाने मांडीवर घेतात, समोर मोबाइलवर गाणे लावतात आणि वाटीभर वरणभात बघता बघता संपवतात. पाहुणे परत गेल्यावर पुढे कित्येक दिवस मोबाइलवाचून घास तोंडात जात नाही. याबाबतीत मी कडक आहे आणि काहींना त्याचा रागही येतो. पावसात चिखलाची रबरी विजार घालून मुलीला वाळूत खेळायला नेले की "सर्दी होईल" हे ऐकावे लागते. ते मात्र मी हसून सोडून देते.

आणताना काय आणावे, याविषयी तर पुरवण्यांनी लिहायलाच हवे. युरोपीय संघाबाहेरून येणाऱ्या प्रवाशांना मांस आणि दुग्धजन्य पदार्थ सोबत आणण्यास मनाई आहे. म्हणजे पेढे, खव्याची मिठाई आणि घरचे साजूक तूप यांपैकी काहीच चालत नाही. १४ डिसेंबर २०१९ पासून ताजी फळेही वनस्पती-आरोग्य प्रमाणपत्राशिवाय आणता येत नाहीत. अननस, नारळ, केळी, खजूर आणि ड्युरियन यांनाच तेवढी सूट आहे, हापूसला नाही. विमानतळावर आंबे काढून घेतले गेल्याने हिरमुसलेली मंडळी आमच्या ओळखीत आहेत. त्यापेक्षा मेतकूट, थालीपिठाची भाजणी, नाचणीचे सत्त्व आणावे आणि जाड पुठ्ठ्याची मराठी चित्रपुस्तके आणावीत, जी येथे कोणत्याही दुकानात मिळत नाहीत. आणखी एक : रविवारी येथे दुकाने बंद असतात, मोठे रेल्वे स्थानक आणि पेट्रोल पंप सोडले तर दूधही मिळणे कठीण. पाहुणे शनिवारी रात्री उशिरा पोहोचणार असतील तर यजमानांना ते आधी ठाऊक असलेले बरे.

एवढे वाचून कोणाला वाटेल की या बाईंना पाहुणे नकोच आहेत. तसे मुळीच नाही. मुलीच्या आजी-आजोबांना शेंगेन व्हिसावर, म्हणजे युरोपातल्या बऱ्याच देशांना मिळून चालणाऱ्या व्हिसावर, १८० दिवसांतून फार तर ९० दिवस येथे राहता येते, त्यात त्यांची गुडघेदुखी आणि येथील थंडी. मुलीला मराठीत रागावणारे, गोष्टी सांगणारे, घोडा-घोडा खेळणारे असे आम्हा दोघांपलीकडचे कोणी हवे असेल तर ते या मित्रमंडळींमधूनच येते. आमच्याकडे राहून गेलेल्या एका मैत्रिणीने सहलीतला एक अख्खा दिवस रद्द केला, मुलीला घेऊन बागेतल्या वाळूत बसली आणि मला दुपारी झोपायला सांगितले. तिने म्युनिकमधले एकही संग्रहालय पाहिले नाही, पण आमच्या मुलीला आजही तिचे नाव ठाऊक आहे आणि व्हिडिओ कॉलवर ती दिसली की ती वाळूचे फावडे शोधायला धावते. दहा शहरे बारा दिवसांत उरकणाऱ्या, आमच्याकडे फक्त आंघोळीला आणि झोपायला येणाऱ्या मंडळींची नावे मुलीच्या लक्षातही राहिलेली नाहीत, आणि त्यात तिचा काही दोष आहे असे मला वाटत नाही.

तरी आपल्या पुरवणीत पुढच्या वेळी 'ओळखीच्यांकडे उतरा' असे छापाल तेव्हा त्याखाली किटाच्या तारखा, झोपेची वेळ आणि सोबत आणायच्या वस्तूंचे नियम यांविषयी चार ओळी अवश्य द्याव्यात, ही विनंती. जागा कमी असेल तर आंब्यांविषयीची ओळ तेवढी राहू द्यावी. मे महिन्यात तिची गरज सर्वांत जास्त असते.

आपली विश्वासू,
एक वाचक
म्युनिक, जर्मनी