स्लीपमधून न परतणारा लॅपटॉप: बंद केलेली तक्रार पुन्हा उघडावी

प्रति,
प्रमुख, ग्राहक सेवा विभाग

विषय: वाय-फाय अडॅप्टरच्या ड्रायव्हरमुळे लॅपटॉप स्लीपमध्ये क्रॅश होणे

महोदय,

तुमच्या कंपनीचा लॅपटॉप मी वापरते आणि तो अजून वॉरंटीत आहे. झाकण मिटून ठेवला आणि थोड्या वेळाने उघडला की कधी निळी स्क्रीन दिसते, तर कधी तो आपणहून रीस्टार्ट होऊन पासवर्ड मागत असतो. सेव्ह न केलेले काम अर्थातच गेलेले असते. याबाबतची माझी तक्रार तुमच्या सपोर्ट टीमने ‘विंडोजमधील दोष, हार्डवेअर ठीक’ असा शेरा मारून बंद केली. हा शेरा मला मान्य नाही.

निळ्या स्क्रीनवर दर वेळी एकच मजकूर असतो: ‘ड्रायव्हर पॉवर स्टेट फेल्युअर’, म्हणजे एरर कोड ०एक्स९एफ. लॅपटॉप झोपायला निघाला की विंडोज प्रत्येक ड्रायव्हरला, म्हणजे उपकरण चालवणाऱ्या सॉफ्टवेअरला, ‘तुझे उपकरण कमी विजेच्या अवस्थेत ने’ असा आदेश देते. एखादा ड्रायव्हर तो आदेश अडकवून बसला आणि ठरलेली मुदत उलटली, तर विंडोज मुद्दामच सगळे थांबवते आणि मेमरीचा डंप, म्हणजे त्या क्षणी मेमरीत काय होते त्याची फाइल, लिहून ठेवते. म्हणजे विंडोज इथे तक्रारदार आहे, आणि तुम्ही त्यालाच आरोपी केले आहे.

तो डंप मी मायक्रोसॉफ्टच्या विनडीबीजी या क्रॅश तपासण्याच्या मोफत साधनात उघडून पाहिला. एरर कोडसोबतचा पहिला पॅरामीटर, म्हणजे क्रॅशचा प्रकार सांगणारा आकडा, ३ आहे. एखाद्या उपकरणाने पॉवरची विनंती फार वेळ अडवून ठेवली, असा त्याचा अर्थ. ही अडलेली विनंती कोणाकडे पडून आहे हे पाहिले, तर तुम्हीच बसवून दिलेल्या वाय-फाय अडॅप्टरचा ड्रायव्हर निघाला. डंपच्या फाइल्स मी तक्रारीला जोडल्या होत्या. त्या कोणी उघडल्याचे उत्तरांवरून तरी दिसत नाही.

उलट तुमच्या प्रतिनिधीने विंडोजच्या नोंदी दाखवणाऱ्या इव्हेंट व्ह्यूअरमधील ‘कर्नल-पॉवर ४१’ ही नोंद दाखवून चार्जर आणि बॅटरी तपासायला सांगितले. ही नोंद एवढेच सांगते की मशीन रीतसर बंद न होता पुन्हा सुरू झाले. त्याच नोंदीचा तपशील उघडला असता, तर बगचेक कोड, म्हणजे क्रॅशचा एरर कोड, १५९ दिसला असता. १५९ म्हणजेच दशमान पद्धतीत लिहिलेला ९एफ, निळ्या स्क्रीनवरचाच षोडशमान कोड. पुढे मेमरी टेस्ट झाली, डिस्क तपासून झाली, शेवटी तुमच्याच रिकव्हरीतून विंडोज नव्याने टाकून झाले. आग रामेश्वरी आणि बंब सोमेश्वरी! नव्या विंडोजबरोबर तोच ड्रायव्हर आला आणि क्रॅशही आला.

डिव्हाइस मॅनेजरमध्ये हा अडॅप्टर डिसेबल केला की लॅपटॉप बिनतक्रार झोपतो आणि उठतो. यूएसबीवरून वायरचे नेटवर्क जोडले तरी अडचण येत नाही. पण अडॅप्टर पुन्हा सुरू केला की मूळ पदावर. नुसता एअरप्लेन मोड लावून भागत नाही, कारण त्यात रेडिओ बंद होतो, ड्रायव्हर लोड झालेलाच राहतो. पॉवर मॅनेजमेंट टॅबमधील ‘वीज वाचवण्यासाठी हे उपकरण बंद करू द्या’ या पर्यायाची खूण काढल्यावर क्रॅश कमी झाले, थांबले नाहीत. स्लीपऐवजी हायबरनेट (काम डिस्कवर ठेवून मशीन बंद करणे) वापरा, हा तुमचा सल्लाही फोल ठरला, कारण तिथेही ड्रायव्हरला उपकरणाची वीज उतरवावीच लागते.

सगळ्यात महत्त्वाचे म्हणजे याच ड्रायव्हरच्या आधीच्या आवृत्तीवर हा त्रास अजिबात नाही. मी ‘रोल बॅक’ करून ती परत आणली होती आणि लॅपटॉप नीट चालत होता. मग विंडोज अपडेटने नवी आवृत्ती पुन्हा बसवली. विंडोज नव्याने टाकल्यापासून तर रोल बॅकसाठी मशीनवर जुनी आवृत्तीच उरलेली नाही, आणि तुमच्या सपोर्ट पानावरूनही ती काढून टाकलेली आहे. माझे उपकरण बदलले नाही, सवयी बदलल्या नाहीत, फक्त ड्रायव्हर बदलला. यावर ‘हार्डवेअर ठीक’ हे उत्तर कसे होऊ शकते?

‘स्लीप वापरूच नका’ असे फोनवर सांगणे म्हणजे दुरुस्ती नव्हे. झाकण मिटता येत नसेल तर लॅपटॉप कशाला घ्यायचा?

म्हणून माझी तक्रार पुन्हा उघडावी आणि डंप फाइल्स सपोर्टच्या ठरावीक प्रश्नावलीत न अडकवता ड्रायव्हर पाहणाऱ्या अभियंत्यांकडे पाठवाव्यात. सुधारित ड्रायव्हर येईपर्यंत जुनी आवृत्ती सपोर्ट पानावर परत ठेवावी. माझ्यासारखे आणखी ग्राहक असतील, त्यांचीही सोय होईल. सुधारित ड्रायव्हर देणे शक्य नसेल, तर वॉरंटीत वेगळ्या बनावटीचे वाय-फाय कार्ड बसवून द्यावे. पुन्हा विंडोज फॉरमॅट करण्याची सूचना कृपया करू नये, ती मी पाळणार नाही.

यातले काय करणार आणि कधीपर्यंत, हे लेखी कळवावे. पंधरा दिवसांत उत्तर न आल्यास हाच पत्रव्यवहार आणि सोबतच्या फाइल्स घेऊन मी ग्राहक तक्रार निवारण यंत्रणेकडे जाईन.

कळावे,
आपली विश्वासू,
एक ग्राहक

सोबत: मेमरी डंपच्या फाइल्स, ‘कर्नल-पॉवर ४१’ नोंदीचा तपशील, दोन्ही ड्रायव्हर आवृत्त्यांचे स्क्रीनशॉट