दोहाला उतरल्यावर गेलेली रेंज : केंद्रीय दळणवळण मंत्र्यांना खुले पत्र

मा. केंद्रीय दळणवळण मंत्री,
संचार भवन, अशोक रोड, नवी दिल्ली

सादर नमस्कार.

नोव्हेंबर २०२५ मध्ये आपल्या दूरसंचार विभागाने मेसेजिंग ॲपना सिम-बंधनाचा आदेश दिला. ज्या क्रमांकावर खाते उघडले, ते सिम फोनमध्ये असेल तरच ॲप चालावे, असा तो आदेश. यूपीआयचे आधीपासून तसेच आहे आणि बँकेचा ओटीपीही बहुतेकदा त्याच सिमवर येतो. फसवणूक रोखण्याचा हेतू आम्हाला मान्य आहे. पण माणसाचे पैसे आणि निरोप ज्या सिमला बांधले, ते भारताबाहेर चालते की नाही हे मोजायला कोणीच बांधील नाही, ही आमची तक्रार आहे.

ट्रायचे (दूरसंचार नियामक प्राधिकरणाचे) सेवा-गुणवत्तेचे नवे विनियम १ ऑक्टोबर २०२४ पासून लागू झाले. एखाद्या जिल्ह्यात सेवा २४ तासांहून अधिक बंद राहिली तर पोस्टपेडला भाड्यात सूट आणि प्रीपेडला मुदतवाढ मिळते. पण हे सगळे परवाना क्षेत्रापुरते, म्हणजे कंपनीला भारतात जिथे सेवेचा परवाना आहे तेवढ्यापुरते. भंडारा जिल्ह्यात सेवा दिवसभर बंद पडली तर तिचा हिशेब होतो. तीन-चार हजारांचा रोमिंग पॅक घेऊन फ्रँकफर्टला रेंजविना बसलेल्याचा होत नाही.

बिघाड नेमका कुठे होतो ते सांगतो, कारण ग्राहक सेवा केंद्राकडून 'फोन रीस्टार्ट करा' यापलीकडे सहसा काही सांगितले जात नाही. फ्लाइट मोड काढला की फोन जवळच्या नेटवर्ककडे नोंदणी मागतो. ते नेटवर्क भारतातल्या कंपनीच्या सर्व्हरला विचारते, हा ग्राहक तुमचाच का, याचे रोमिंग चालू आहे का? इथे कंपनी स्वतःची सोय पाहते. ज्या भागीदाराशी स्वस्तात करार झालाय त्याच्याकडे फोन वळावा म्हणून बाकीच्या नेटवर्कवरची नोंदणी ती मुद्दाम नाकारते. या धंद्यात त्याला स्टीअरिंग म्हणतात. फोन एका नेटवर्ककडून दुसऱ्याकडे, तिथून तिसऱ्याकडे फिरत राहतो आणि पडद्यावर पाच-दहा मिनिटे 'नो सर्व्हिस' दिसते. त्यात एखादा नकार विशिष्ट प्रकारचा असला, तर त्या नेटवर्कचा कोड सिमवरच्या निषिद्ध यादीत जाऊन बसतो. मग ऑटोमॅटिकवर असेपर्यंत फोन तिकडे फिरकत नाही. यादी सिमवर असते, त्यामुळे फोन बंद करून चालू केल्याने ती पुसली जात नाही. मोबाइल नेटवर्कच्या सेटिंगमध्ये जाऊन 'ऑटोमॅटिक' बंद करायचे, दोन-तीन मिनिटे शोध पूर्ण होऊ द्यायचा आणि पॅकच्या यादीतले नेटवर्क हाताने निवडायचे. नोंदणी झाली की ते निषिद्ध यादीतून निघते. एवढी साधी गोष्ट पॅक विकताना एका एसएमएसमध्ये सांगता येते.

पण पॅकच्या यादीतले नेटवर्क कोणते, हेच ग्राहकाला धड कळत नाही. नागपूरहून परदेशी जाणारा बहुतेकदा दोहा किंवा शारजात विमान बदलतो, नाहीतर मुंबई-दिल्लीत. समजा, त्याने अमेरिकेचा पॅक घेतलाय. दोहात तीन तास थांबताना त्याने फोन चालू केला की सिम कतारच्या नेटवर्कवर बसते. पॅकमध्ये कतार नसेल तर तिथला डेटा मूळ दराने लागतो किंवा अडवला जातो. पॅक अनेक देशांचा असेल आणि पहिल्या नोंदणीपासून सुरू होणारा असेल, तर त्याचे घड्याळ दोहातच धावू लागते. जिनिव्हाला वेगळीच गंमत. विमानतळ फ्रान्सच्या सीमेला लागून, त्यामुळे फोन पलीकडचा टॉवरही पकडतो, आणि युरोपीय संघाच्या पॅकमध्ये स्वित्झर्लंड असेलच असे नाही. क्रूझवर आणि विमानात तर जहाजाचे किंवा विमानाचे स्वतःचे नेटवर्क असते. ते कोणत्याही देशाच्या पॅकमध्ये धरलेले नसते, त्याला वेगळा पॅक लागतो.

प्रीपेड ग्राहकाची अडचण आणखी एक. त्याचे पैसे बोलता बोलता कापावे लागतात, त्यासाठी दोन्ही नेटवर्कमध्ये कॅमल नावाची जोडणी हवी. ती जिथे नसते तिथे त्याच कंपनीचे पोस्टपेड सिम चालते, प्रीपेड चालत नाही. जाहिरातीत मात्र देशांचा आकडा एकच छापतात.

आता आवाजाचे. डेटा धावतो पण कॉल लागत नाही, ही तक्रार गेल्या काही वर्षांत वाढली आणि तिचे कारण सरळ आहे. ऑस्ट्रेलियात टू-जी २०१८ पर्यंतच संपले आणि ऑक्टोबर २०२४ मध्ये थ्री-जीही गेले. सिंगापूरने टू-जी २०१७ मध्ये बंद केले. अमेरिकेतल्या मोठ्या कंपन्यांनी २०२२ मध्ये थ्री-जी बंद केले. पूर्वी रोमिंगमधला कॉल याच जुन्या जाळ्यावर उतरायचा. आता व्होल्टी, म्हणजे फोर-जीवरून जाणारा आवाज, एवढाच मार्ग उरला. त्यासाठी दोन कंपन्यांत डेटाच्या करारावर व्होल्टीचा वेगळा करार लागतो आणि फोनमध्येही ती सोय हवी. करार नसेल तर चार काड्या रेंज दिसूनही कॉल लागत नाही. कोणत्या देशात, कोणत्या नेटवर्कवर व्होल्टी रोमिंग चालू आहे याची यादी प्रत्येक कंपनीकडे असतेच. ती जाहीर करायला लावणे आपल्या हातात आहे.

हँडसेटचेही थोडे आहे. अमेरिकेत लांबवर पोहोचणारे बँड, म्हणजे रेडिओलहरींचे पट्टे, १२, १३ आणि ७१; भारतात विकल्या जाणाऱ्या अनेक फोनमध्ये ते नसतात. आपल्याकडचा ७०० मेगाहर्ट्झ म्हणजे बँड २८. अमेरिकेचे १२ आणि १३ हेही ७०० मधलेच, पण तुकडा वेगळा. त्यामुळे शहरात ठीक चालणारा फोन महामार्गावर मुका होतो.

वेग कमी का, असे विचारतात त्यांच्यासाठी: रोमिंगचा डेटा बहुधा आधी भारतात येतो आणि इथून इंटरनेटवर जातो. न्यूयॉर्कमध्ये बसून न्यूयॉर्कचेच संकेतस्थळ उघडले तरी फेरी भारतातून! जगात कुठेही असा, अंतर आमच्या नागपूरच्या झिरो माइलच्या खांबापासूनच मोजायचे, तसला प्रकार.

सर्वांत जास्त नुकसान होते ते ओटीपीचे. एसएमएसला डेटा लागत नाही, फक्त सिमची नोंदणी लागते. बहुतेक कंपन्यांत येणारा एसएमएस रोमिंगमध्ये फुकट असतो, पण आंतरराष्ट्रीय रोमिंग आधी सुरू केलेले हवे. बिलाच्या धास्तीने लोक भारतीय सिमच बंद ठेवतात आणि ओटीपी हरवतो. खरे तर सिम चालू ठेवायचे, त्यावरचे डेटा रोमिंग बंद करायचे, आणि दोन सिममध्ये डेटा आपोआप बदलणारी सेटिंगही बंद करायची. एवढे केले आणि नोंदणीच टिकली नाही, तर संदेश भारतातल्या एसएमएस केंद्रात अडकतो. केंद्र पुन्हा प्रयत्न करते, पण दर खेपेला अंतर वाढवत. ओटीपीची मुदत मिनिटांत संपलेली, आणि पाच-सहा कोड मध्यरात्री एकदम येऊन पडतात. यूपीआय ॲप नव्या फोनवर सुरू करायचे तर भारतीय सिमवरून एसएमएस बाहेर जावा लागतो. परदेशातून तो अनेकदा जात नाही. म्हणून प्रवासाच्या आधल्या आठवड्यात फोन बदलू नये.

रिझर्व्ह बँकेने सप्टेंबर २०२५ मध्ये ओटीपीशिवाय इतर पडताळणीलाही वाट मोकळी केली, हे चांगले झाले. दुसरीकडे जानेवारी २०२४ मध्ये आपल्या विभागाने परदेशी ई-सिम (फोनमध्ये कार्ड न घालता चालणारे सिम) विकणारी दोन ॲप परवानगीअभावी बंद करवली. नियम होता, तो पाळायला हवाच. पण ग्राहकाचा स्वस्त पर्याय अडवला की उरलेल्या पर्यायाच्या दर्जाची जबाबदारी अडवणाऱ्याकडे येते.

मोजता येत नाही, असे कंपन्या म्हणतील. ऑक्टोबर २०२४ मध्ये आपणच परदेशातून येणारे बनावट भारतीय क्रमांकाचे कॉल रोखणारी यंत्रणा सुरू केली. तो क्रमांक खरोखर रोमिंगमध्ये आहे का, हे तिला तपासावे लागते. म्हणजे कोणते सिम देशाबाहेर आहे याची माहिती हाताशी आहे. पहिल्या पाच मिनिटांत नोंदणी किती टक्के झाली, बँकांचे एसएमएस दोन मिनिटांत किती पोहोचले, हे आकडे दर तिमाहीला, देशवार आणि नेटवर्कवार मागवा. युरोपीय संघाने १५ जून २०१७ पासून आपल्या हद्दीत घरच्या दराने रोमिंग दिले, ते २०३२ पर्यंत वाढवले, आणि नव्या नियमांत दर्जाचीही अट घातली. दराबाबत आम्ही तेवढे मागत नाही, दर्जाबाबत मागतो.

तक्रारीची वाटही दुरुस्त करा. १९८ हा भारतातला लघुक्रमांक, परदेशी नेटवर्कला त्याचा पत्ता नसतो. तक्रार क्रमांक मिळाला आणि उत्तर पटले नाही, तर ३० दिवसांत कंपनीच्या अपील प्राधिकरणाकडे जाता येते. तिथे निकालाला ३९ दिवस. दहा दिवसांच्या पॅकसाठी हे हास्यास्पद आहे. रोमिंगच्या तक्रारीला चोवीस तासांची मुदत ठेवा, आणि ज्या दिवशी सिमची नोंदणीच झाली नाही त्या दिवसाचे पैसे अर्ज न मागता परत करायला लावा. नोंदणी झाली की नाही हे कंपनीच्या सर्व्हरवर लिहिलेलेच असते, ग्राहकाला पुरावा द्यावा लागू नये.

आपले,
नागपुरातील काही दूरसंचार तंत्रज्ञ आणि प्रवास व्यावसायिक